रक्तातल्या प्रोटीनचा आकार बघणारा इन्फ्रारेड सेन्सर: बोखुमचं प्रकरण

डिमेन्शियासाठीच्या ब्लड टेस्टबद्दल बातमी आली की ती साधारण एकाच सुरात येते, "आता रक्ताच्या एका थेंबातून अल्झायमर कळणार". मागे नेमकं काय मोजलं, कोणाचं रक्त होतं, किती जणांना चुकीचं पॉझिटिव्ह सांगितलं गेलं हे त्यात नसतं. म्हणून एकच प्रकरण घेऊन ते सुरुवातीपासून आजपर्यंत नीट लिहायचं ठरवलं. जर्मनीतल्या बोखुमच्या रुअर विद्यापीठात प्रकाशावर चालणारा एक सेन्सर तयार झाला आणि तो झारलँड राज्यातल्या लोकांच्या जुन्या, गोठवून ठेवलेल्या रक्तावर वापरला गेला, ते हे प्रकरण. संशोधकांची नावं जाहीर आहेत, ती दिली आहेत. ज्यांचं रक्त वापरलं ती माणसं मात्र निनावी आहेत आणि तसंच असायला हवं.

पार्श्वभूमी

अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. घरातलं माणूस तेच तेच विचारायला लागलं, हिशोबात गडबड करायला लागलं, रोजच्या रस्त्यावर गोंधळायला लागलं तरी आपण दोन-तीन वर्षं "वय झालं आता" म्हणून सोडून देतो आणि मग कधीतरी न्यूरॉलॉजिस्टकडे जातो. पण मेंदूत अमायलॉइड बीटा नावाच्या छोट्या प्रोटीनच्या गाठी साचायला सुरुवात लक्षणं दिसायच्या साधारण १५ ते २० वर्षं आधीच झालेली असते, म्हणजे आजारी माणूस जेव्हा डॉक्टरसमोर बसतो तेव्हा आजार तरुण नसतो, चांगला जुना झालेला असतो.

आलोइस अल्झायमरनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेनला ज्या बाईंची केस मांडली त्यांच्या मेंदूतल्या या गाठी मृत्यूनंतर मायक्रोस्कोपखाली दिसल्या होत्या. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं पक्कं निदान म्हणजे शवविच्छेदनच. २००४ साली अमायलॉइड दाखवणारा पेट स्कॅन पहिल्यांदा माणसांवर केल्याचं प्रसिद्ध झालं तेव्हा जिवंत माणसाच्या मेंदूतल्या गाठी बघता यायला लागल्या. दुसरा मार्ग पाठीतलं पाणी काढून तपासायचा. दोन्ही भरवशाचे आहेत, पण पेट स्कॅन महाग आणि तो मोठ्या शहरातच होतो, आणि पाठीत सुई घ्यायला ज्याला काहीच त्रास होत नाहीये असा माणूस तयार का होईल? म्हणजे जी वेळ पकडायची आहे, लक्षणांच्या आधीची, त्याच वेळेला हे दोन्ही मार्ग वापरता येत नाहीत. रक्ताकडे सगळे वळले ते त्यामुळे.

बोखुमला क्लाउस गेरवर्ट यांचा बायोफिजिक्सचा गट होता. या गटाचं मूळ काम डिमेन्शियावरचं नव्हतंच. इन्फ्रारेड प्रकाश वापरून प्रोटीनचा एखादा भाग कसा हलतो, कसा दुमडतो हे बघायचं, आणि तेही बॅक्टेरिओरोडॉप्सिन, रास अशा प्रोटीनवर, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण पुढे त्यांनी जो प्रश्न विचारला तो या सवयीतूनच आला. आजारावर काम करणारे बाकीचे लोक "रक्तात किती आहे" असं विचारत होते, आणि हे लोक आयुष्यभर "आकार कसा आहे" एवढंच विचारत आले होते.

अडचण नेमकी काय होती

अमायलॉइड बीटा सगळ्यांच्याच शरीरात असतं, ते असणं म्हणजे आजार नव्हे. आजारात त्याची ठेवण बदलते. निरोगी अवस्थेत ही साखळी सैल, थोडी वळलेली, ठरावीक आकार नसलेली असते, आणि बिघडली की पट्ट्या एकमेकींशेजारी सपाट बसतात, साडीच्या निऱ्या एकावर एक चापून घातल्यासारख्या. या अवस्थेला बीटा शीट म्हणतात. अशा बिघडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटत जातात आणि शेवटी गाठ बनते.

आता रक्तात नुसतं प्रमाण मोजलं तर काय होतं? मेंदूत गाठी व्हायला लागल्या की अमायलॉइड बीटा ४२ (या प्रोटीनचा ४२ कड्यांचा, जास्त चिकट प्रकार) तिथेच अडकतं आणि पाठीच्या पाण्यात ते ठळकपणे कमी होतं. रक्तात मात्र हा फरक फार बारीक, साधारण १० ते १५ टक्क्यांचा, कारण रक्तातलं बरंचसं अमायलॉइड मेंदूतून आलेलंच नसतं, प्लेटलेट्स आणि शरीराचे इतर भागही ते बनवतात. एवढा बारीक फरक पकडायचा तर सॅम्पल घेण्यात आणि ठेवण्यात जराही ढिलाई चालत नाही. रक्त काढल्यावर प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेला द्रव, वेगळा करायला उशीर झाला, ट्यूबच्या भिंतीला प्रोटीन चिकटून बसलं, की जो फरक शोधायचा होता तोच पुसला जातो.

त्यात हे प्रोटीन रक्तात असतं तरी किती? मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये. त्याच मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन साधारण ४० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास एक अब्जपट जास्त. आणि इन्फ्रारेड वापरणाऱ्यांची डोकेदुखी वेगळीच, ज्या पट्ट्यात प्रोटीनचा आकार वाचता येतो त्याच पट्ट्यात पाणी इन्फ्रारेड प्रचंड शोषतं, आणि रक्त म्हणजे मुख्यतः पाणीच.

समोर कोणते पर्याय होते

सगळ्यात रुळलेला पर्याय म्हणजे प्रमाणच मोजायचं पण जास्त बारकाईने. अँटीबॉडीने प्रोटीन पकडायचं, त्याला चमकणारं लेबल लावायचं आणि बाहेर पडणारा प्रकाश मोजायचा. या वाटेवर पुढे फार चांगलं काम झालं. सिमोआ नावाच्या पद्धतीत तर एकेक रेणू अतिसूक्ष्म खड्ड्यात पकडून कुठला खड्डा चमकतो एवढंच मोजतात. केमिल्युमिनेसन्स, म्हणजे रासायनिक क्रियेतून निघणारा प्रकाश मोजायची पद्धत, ही त्याचीच नातलग, मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये थायरॉइडपासून कितीतरी टेस्ट अशाच होतात. फक्त यात प्रकाश येतो तो लेबलमधून. प्रोटीन आलं की नाही आणि किती आलं हे कळतं, ते कसं दुमडलंय हे नाही.

दुसरा, मास स्पेक्ट्रोमेट्री. यात वजनावरून प्रोटीन ओळखतात आणि अचूकता उत्तम. रसायनशास्त्राचं २००२ चं नोबेल मिळालेले कोइची तानाका ज्या जपानी संशोधनात होते ते २०१८ मध्ये याच पद्धतीने प्रसिद्ध झालं. पण रेणूला आयन करून उडवताना त्याची मूळ घडी राहत नाही, आणि यंत्र महागडं.

तिसरा पर्याय प्रकाशाचाच, सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स. सोन्याच्या पातळ थरावर ठरावीक कोनातून प्रकाश टाकला आणि थराला काही चिकटलं की कोन सरकतो. लेबल लागत नाही ही मोठी सोय. तरी तोही मुख्यतः किती वस्तुमान चिकटलं हेच सांगतो.

आणि चौथा, इन्फ्रारेड. प्रोटीनच्या कण्यात कार्बन-ऑक्सिजनचे जे बंध असतात ते ठरावीक फ्रिक्वेन्सीचा इन्फ्रारेड शोषतात, याला अमाइड वन पट्टा म्हणतात. साखळी सैल किंवा वळलेली असेल तर हा पट्टा १६५० सेंटिमीटर-इन्व्हर्सच्या (इन्फ्रारेडची फ्रिक्वेन्सी सांगायचं एकक) आसपास येतो, बीटा शीट झाली की हायड्रोजन बंधांमुळे खाली सरकून १६३० च्या आसपास जातो. प्रकाश रेणूलाच विचारतो आणि रेणूच उत्तर देतो, मध्ये लेबल नाही. फायदा उघड होता, आकार वाचणारा हा एकच पर्याय. तोटाही उघड होता, रक्तासारख्या गढूळ द्रवात एवढ्या कमी प्रमाणातल्या प्रोटीनवर हे चालेल याची काही खात्री नव्हती.

बोखुमच्या गटाने चौथा निवडला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, बाकी सगळं याच्या मागून आलं.

काय केलं

आधी सेन्सर कसा आहे ते. जर्मेनियमचा एक छोटा स्फटिक घेतात. इन्फ्रारेड किरण त्याच्या आतून परावर्तित होत जातो आणि प्रत्येक परावर्तनाच्या जागी प्रकाशाचा थोडासा भाग पृष्ठभागाच्या बाहेर अगदी थोड्या अंतरापर्यंत डोकावतो. मोजमाप होतं ते फक्त या पातळ थरात. त्यामुळे पाण्याची अडचण पूर्ण जात नाही पण आटोक्यात येते, कारण किरण द्रवाच्या जाड थरातून आरपार जातच नाही.

मग स्फटिकावर रसायनाने अँटीबॉडी पक्की बांधतात, नुसती चिकटवत नाहीत, कारण सैल राहिली तर रक्त वाहताना सुटून जाईल आणि सगळं मोजमाप हलेल. रिकाम्या जागा केसीनने, म्हणजे दुधातल्या प्रोटीनने, भरून टाकतात म्हणजे अल्ब्युमिनसारखी भाराभर प्रोटीन तिथे येऊन बसत नाहीत. वरून प्लाझ्मा सोडायचा, अमायलॉइड बीटा पकडलं गेलं की बाकीचं धुऊन टाकायचं, आणि पकडायच्या आधीचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती प्रकाश शोषला गेला त्याचा आलेख, नंतरच्यातून वजा करायचा. ही वजाबाकी अत्यावश्यक, कारण अँटीबॉडी स्वतःच बीटा शीटने भरलेली असते, तिचा सिग्नल काढला नाही तर प्रत्येक जण आजारी दिसेल.

अँटीबॉडीची निवड ही अशी गोष्ट आहे जी बातम्यांत कधीच येत नाही. फक्त बिघडलेलं अमायलॉइड पकडणारी अँटीबॉडी घ्यायचा मोह होऊ शकतो, ऐकायला तेच शहाणपणाचं वाटतं. पण इथे सगळ्या आकारांना सारखंच पकडणारी अँटीबॉडी हवी होती, कारण मोजायचं होतं ते सगळ्यांचं मिळून सरासरी कुठे झुकतंय. पट्ट्याचं टोक १६४० च्या आसपास ठरवलेल्या एका रेषेच्या खाली गेलं तर पॉझिटिव्ह, वर राहिलं तर निगेटिव्ह. यात एक छान गोष्ट अशी की उत्तर प्रमाणावर फारसं अवलंबून राहत नाही. रक्तात अमायलॉइड थोडं कमी-जास्त असलं तरी टोक कुठे आहे ते कळतंच.

२०१६ मध्ये आंद्रेआस नाबर्स आणि सहकाऱ्यांनी १४१ जणांवरचे निकाल प्रसिद्ध केले. पाठीच्या पाण्यात ९० टक्के अचूकता, रक्तात ८४. गोष्ट चालते हे दिसलं. पण यात ज्यांना आजार होता त्यांना तो झालेलाच होता, आणि सेन्सरचं खरं वचन होतं आधी सांगायचं.

इथे पुढचा मोठा निर्णय आला. आधी कळतं हे सिद्ध करायचं तर निरोगी लोकांचं रक्त आज घ्यायचं आणि १५-२० वर्षं थांबायचं, तोपर्यंत संशोधकच रिटायर होतील. दुसरी वाट म्हणजे कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं रक्त शोधायचं. झारलँडमध्ये एस्थर नावाचा अभ्यास २००० ते २००२ मध्ये सुरू झाला होता. फॅमिली डॉक्टरकडे नेहमीच्या तपासणीला आलेले ५० ते ७५ वयाचे सुमारे दहा हजार लोक, त्यांचं रक्त गोठवून ठेवलेलं आणि पुढे कोणाला काय झालं याची नोंद ठेवलेली. हायडेलबर्गच्या जर्मन कॅन्सर संशोधन केंद्रातले हेरमान ब्रेनर यांच्याकडे याची धुरा होती. रक्त साठवलं तेव्हा हा सेन्सर अस्तित्वातच नव्हता, कोणाच्या डोक्यातही नव्हता, आणि तरी ते सॅम्पल या कामाला आले कारण कोणीतरी ते शिस्तीत साठवले आणि माणसांचा पाठपुरावा सोडला नाही. अशा कामाचं कौतुक फार कमी होतं, मला मात्र सेन्सरइतकंच तेही मोठं वाटतं.

निकाल

२०१८ च्या पेपरमध्ये एस्थरमधले ६५ जण होते ज्यांना पुढे अल्झायमरचं निदान झालं, आणि तुलनेला ८०९ जण ज्यांना झालं नाही. निदानाच्या सरासरी ८ वर्षं आधीच्या रक्तात सेन्सरने ७१ टक्के लोक बरोबर ओळखले, आणि निरोगी राहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांना चुकीचं पॉझिटिव्ह ठरवलं. त्याच पेपरात स्वीडनच्या बायोफाइंडर अभ्यासातल्या, अगदी सुरुवातीची लक्षणं असलेल्या लोकांवरही सेन्सर तपासला होता आणि त्याचे निकाल पेट स्कॅन आणि पाठीच्या पाण्याशी बऱ्यापैकी जुळले.

आता या ७१ आणि ९ वर थोडं थांबू, कारण सगळी गोम इथे आहे. ६५ चे ७१ टक्के म्हणजे साधारण ४६ माणसं. ८०९ चे ९ टक्के म्हणजे साधारण ७३. म्हणजे ज्यांना "पॉझिटिव्ह" म्हटलं गेलं असे सुमारे ११९ जण, त्यातले ७३ त्या अभ्यासाच्या काळात आजारी पडलेच नाहीत. ९ टक्के ऐकायला किती किरकोळ वाटतं, पण निरोगी लोक संख्येने इतके जास्त असतात की त्यांचे थोडे टक्केसुद्धा खऱ्या रुग्णांपेक्षा जास्त भरतात. एखाद्या पन्नाशीच्या ठणठणीत बाईच्या हातात असा रिपोर्ट दिला तर ती पुढची वीस वर्षं कशी काढेल, आणि कदाचित उगीचच.

गटाने ही अडचण मान्य करून पुढचं पाऊल टाकलं हे चांगलं झालं. २०१९ मध्ये त्यांनी दोन पायऱ्यांची पद्धत मांडली, आधी रक्त, आणि त्यात पॉझिटिव्ह आलेल्यांचंच पाठीचं पाणी, त्यात अमायलॉइडबरोबर टाउचाही, म्हणजे अल्झायमरमध्ये बिघडणाऱ्या दुसऱ्या प्रोटीनचाही, आकार बघायचा. यात चुकीचे पॉझिटिव्ह ९ वरून ३ टक्क्यांवर आले आणि १०० पैकी ८७ रुग्ण ओळखता आले. पण पाठीतली सुई परत आली, आणि ती टाळायलाच तर रक्ताकडे वळलो होतो.

२०२२ मध्ये परत रक्तच, परत एस्थर, आता १७ वर्षांचा पाठपुरावा. पुढे अल्झायमर झालेले ६८ आणि न झालेले २४०. या वेळी सेन्सरबरोबर सिमोआने मोजलेले तीन मार्करही, म्हणजे आजाराची खूण देणारी प्रोटीन, लावले, टाउ १८१ (आकडा टाउवर कुठल्या जागी फॉस्फेट लागलंय ते सांगतो), न्यूरोफिलामेंट लाइट (चेतापेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं) आणि जीएफएपी. जीएफएपी हे मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींचं प्रोटीन, त्या चिडल्या की रक्तात वाढतं. आकाराचा सेन्सर लक्षणांच्या कितीतरी आधी धोका दाखवण्यात सगळ्यात पुढे राहिला, जीएफएपीही तितक्याच आधी इशारा देत होतं पण कमी अचूक, आणि दोन्ही एकत्र केले की अंदाज सुधारला. म्हणजे आकार वाचणारा प्रकाश आणि प्रमाण मोजणारा प्रकाश, दोघांनी मिळून काम केलं. टेस्ट बाजारात आणायला बोखुमलाच बीटासेन्स नावाची कंपनी निघाली.

मधल्या काळात दुसऱ्या वाटेने गेलेले लोक दवाखान्यात आधी पोचले. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, अल्झायमरच्या निदानाला मदत करणारी पहिली ब्लड टेस्ट मान्य केली ती फुजिरेबिओ कंपनीची लुमिपल्स, केमिल्युमिनेसन्सवर चालणारी, टाउ २१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ यांचं गुणोत्तर सांगणारी. ४९९ सॅम्पलमध्ये पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत खरंच अमायलॉइड होतं, निगेटिव्हपैकी ९७.३ टक्के लोकांत नव्हतं, आणि २० टक्क्यांहून थोडे कमी सॅम्पल अधांतरी राहिले, ना धड हो ना धड नाही. हे आकडे बोखुमच्या ७१ आणि ९ शेजारी ठेवून "बघा, ते जिंकले" म्हणणं चूक आहे. लुमिपल्स ज्यांना विसरायचा त्रास सुरू झालाय अशांसाठी आहे आणि प्रश्न विचारते, "या त्रासामागे अमायलॉइड आहे का". बोखुमचा सेन्सर ज्यांना काहीच होत नाहीये त्यांच्याबद्दल विचारतो, "पुढे होईल का". दुसरा प्रश्न फार अवघड आहे आणि तिथे कमी आकडा येणं साहजिक आहे.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

प्रमाण सोडून आकार धरला हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. नंतर याच पद्धतीने त्यांनी पार्किन्सनमधल्या अल्फा सिन्युक्लिनचा आकारही पाठीच्या पाण्यात वाचला, म्हणजे यंत्र एका आजारापुरतं अडकलं नाही. पण याची किंमतही होती. लुमिपल्सचं यंत्र बऱ्याच हॉस्पिटलमध्ये आधीपासून होतंच, नुसती नवी किट टाकायची. इन्फ्रारेडचं यंत्र नवं, स्फटिकावर अँटीबॉडी बांधायचं कौशल्य वेगळं, आणि मुख्य मोजमापं बोखुममध्येच झाली. २०१६ नंतर लगेचच दोन-तीन बाहेरच्या लॅबमध्ये हेच यंत्र बसवून तेच सॅम्पल तिकडेही मोजून घेतले असते आणि आकडे जुळतात का ते दाखवलं असतं, तर डॉक्टरांचा भरवसा लवकर बसला असता असं मला वाटतं. नवी पद्धत आणि एकच लॅब ही जोडी कितीही चांगली असली तरी बाहेरचा माणूस थोडा मागेच उभा राहतो.

जुनं रक्त वापरायच्या निर्णयाने वेळ वाचला पण त्याच्याबरोबर एक कच्चा दुवाही आला. एस्थरमध्ये कोणाला अल्झायमर झाला हे मुख्यतः डॉक्टरांच्या नोंदींवरून कळलं, प्रत्येकाचा पेट स्कॅन झालेला नव्हता. डॉक्टरने अल्झायमर लिहिलेल्या काहींना खरं तर रक्तवाहिन्यांमुळे आलेला डिमेन्शिया असू शकतो. आणि उलट बाजूला, सत्तरीच्या नॉर्मल लोकांपैकी साधारण पाचातल्या एकाच्या मेंदूत अमायलॉइड असतंच, लक्षणं नसतात एवढंच. म्हणजे ज्या ७३ जणांना मी वर चुकीचे पॉझिटिव्ह म्हटलं त्यातल्या काहींच्या बाबतीत सेन्सर बरोबरच असेल, आजार वर यायच्या आधीच पाठपुरावा संपला असेल किंवा माणूसच दुसऱ्या कशाने गेला असेल. हा गोंधळ सोडवायला तुलनेच्या गटातल्या निदान थोड्या लोकांचा शेवटी पेट स्कॅन करायला हवा होता. खर्च मोठा आहे, कबूल, पण ९ टक्क्यांचा खरा अर्थ त्याशिवाय कळणार नाही.

"१७ वर्षं आधी" या आकड्याचंही तसंच. पाठपुरावा १७ वर्षांचा होता म्हणून १७. प्रत्येकाचा आजार १७ वर्षं आधी पकडला असा त्याचा अर्थ नाही, काहींचं निदान रक्त दिल्यावर दोन-चार वर्षांतच झालेलं असणार. बातम्यांमध्ये मात्र तोच आकडा सगळ्यात वर आला. पेपर लिहिणाऱ्यांनी आणि विद्यापीठांच्या प्रसिद्धी विभागांनी "१०० निरोगी लोकांची टेस्ट केली तर किती जणांना काय उत्तर मिळेल" हे एक वाक्य पहिल्या परिच्छेदात टाकलं तर वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही.

टाउचा कुठला मार्कर घ्यायचा हाही एक निर्णय होता. २०२२ च्या तुलनेत टाउ १८१ होता. नंतर टाउ २१७ त्याच्यापेक्षा बराच सरस ठरला. म्हणजे आकाराचा सेन्सर विरुद्ध टाउ २१७, त्याच जुन्या सॅम्पलवर, लक्षणांच्या दहा-पंधरा वर्षं आधी, ही तुलना व्हायला हवी. मला या सगळ्यातलं सगळ्यात जास्त उत्सुकतेचं उत्तर तेच वाटतं.

आणि टेस्ट कोणासाठी हा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे, निरोगी माणसाला दुकानातून विकत घेता येईल अशी ही टेस्ट आत्ता नसावी. तिची आजची जागा औषधांच्या ट्रायलमध्ये आहे. लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही अमायलॉइड काढणारी औषधं अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्य झाली ती फक्त सुरुवातीची लक्षणं असलेल्यांसाठी, आणि त्यांत मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव व्हायचा धोका असतो. हीच औषधं लक्षणांच्या आधी दिली तर उपयोग होतो का याच्या मोठ्या ट्रायल हाती घेतल्या गेल्या आहेत. अशा ट्रायलला हजारो निरोगी लोकांमधून योग्य ते निवडावे लागतात आणि सगळ्यांचा पेट स्कॅन परवडत नाही, म्हणून आधी ब्लड टेस्टची चाळणी लावतात. तिथे चुकीचा पॉझिटिव्ह आला तर पुढच्या स्कॅनमध्ये तो कळतो, माणूस त्या रिपोर्टसोबत एकटा घरी जात नाही.

आपल्याकडे याचा संबंध किती

लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाच्या २०२३ मध्ये आलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. आई-बाबा विसरायला लागले म्हणून कोणी हे वाचत असेल तर कुठल्याही सेन्सरच्या आधी साध्या रक्ततपासण्या करून घ्या, बी१२ आणि थायरॉइड. शाकाहारी घरात बी१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे, त्याने विसरभोळेपणा येतो आणि तो गोळ्या-इंजेक्शनने सुधारू शकतो. डिप्रेशननेही हुबेहूब तसंच चित्र दिसतं. चालू असलेली औषधं, डोक्याला जुना मार, कानांनी कमी ऐकू येणं हेही डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.

टाउसारखे मार्कर किडनी नीट काम करत नसेल तर अल्झायमर नसतानाही वाढलेले दिसतात. आपल्याकडे डायबिटीस आणि त्यातून होणारा किडनीचा त्रास एवढा आहे की झारलँड, स्वीडन किंवा अमेरिकेत ठरवलेली रेषा इथे जशीच्या तशी लावणं धोक्याचं आहे. आकाराच्या सेन्सरलाही हीच परीक्षा इथल्या रक्तावर द्यावी लागेल. त्यासाठी लागणारं सामान देशात जमायला लागलंय ही चांगली गोष्ट. बेंगळुरूच्या आयआयएससीतलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरच्या दहा हजार ग्रामीण लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा करायचा अभ्यास चालवतंय, आकाराने जवळपास एस्थरएवढाच. तिथे रक्तासोबत प्रत्येकाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), शुगर आणि बी१२ त्याच दिवशीचं नोंदलेलं असेल आणि थोड्या जणांचे पेट स्कॅनही होत राहिले, तर एस्थरमध्ये जो दुवा कच्चा राहिला तो इथे पहिल्यापासूनच पक्का करता येईल.